चार तारखेला नको, दहा तारखेला येतो

बेती, बार्देश
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मित्रा,

तुझं पाकीट परवा मिळालं. नौदल दिनाला, चार डिसेंबरला, साखळीच्या शाळेत येशील का, हे फोनवर विचारलं असतंस तर मी 'बघू' म्हणून टाळलं असतं, हे ओळखूनच तू लेखी विचारलंस. निवृत्त झालास तरी हेडमास्तरकी काही सुटली नाही तुझी.

आधी एक दुरुस्ती. निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या मसुद्यात माझ्या नावाआधी तू 'कराचीवरील हल्ल्यातील वीर' असं घातलंयस. ते आजच्या आज खोड. १९७१च्या युद्धात कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो त्या रात्रीसाठी, आणि ते योग्यच आहे. मी तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होतो. युद्धात माझ्या पायाखाली समुद्रसुद्धा नव्हता रे. नदी होती, आणि बहुतेक वेळ धक्क्याला बांधलेली बोट.

तुला हे कधी नीट सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मला सांगायची हौस नव्हती. आता विचारलंयस तर ऐक.

सुरुवात तुझ्यासमोरच झाली. १८ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य गोवा मुक्त करायला आलं ती संध्याकाळ. दिवसभर मुरगावच्या बाजूने तोफा ऐकू येत होत्या आणि काळोख पडता पडता आपल्या बेतीच्या धक्क्यावर रणगाडे येऊन उभे. आपण बारा वर्षांचे. तू रणगाड्याला हात लावून आलास आणि चार दिवस तो हात मिरवलास. मी मात्र बाबांकडे बघत होतो. ते तारी, आयुष्य या काठावरून त्या काठावर माणसं नेण्यात गेलेलं. समोर पणजीचे दिवे, मध्ये मांडवी, आणि एवढं मोठं सैन्य पाण्यापाशी येऊन थांबलेलं. बाबा पुटपुटले, "सुकती लागली. आता सरळ गेले तर पार खाली जाऊन लागतील." दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्य पार झालं, पणजी मिळाली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की रणगाड्यालाही भरती-सुकतीचं वेळापत्रक बघावं लागतं.

१९६७ साली नौदलात भरती झालो. विशाखापट्टणमला परेड आणि पोहणं. पोहण्यात पहिला, परेडमध्ये शेवटून दुसरा. मग लोणावळ्याला 'शिवाजी'वर इंजिनाचं शिक्षण. समुद्रावर जायला निघालेल्या माणसाला आधी घाट चढवून पावसात का कुजत ठेवतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. नंतर 'मैसूर' या क्रूझरवर बॉयलर रूम. तिथल्या उन्हाळ्याबद्दल काही लिहीत नाही. तिथे काम केलेल्याला सांगायची गरज नसते आणि न केलेल्याला पटत नाही.

१९७१च्या पावसाळ्यानंतर मला कलकत्त्याला धाडलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. पोचल्यावर कानावर एकेक येऊ लागलं. मार्चमध्ये फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात 'मांग्रो' ही पाकिस्तानी पाणबुडी होती. तिच्यावरचे बंगाली नाविक पळाले आणि त्यांतले आठ भारतात पोचले. त्यांच्यासारख्यांना हाताशी धरून आपल्या नौदलाने प्लासीजवळ भागीरथीच्या काठी तळ उघडला आणि शेतकऱ्यांची, कॉलेजातली पोरं पाणबुडे म्हणून तयार केली. छातीला गमछाने लिंपेट माइन, म्हणजे जहाजाला चिकटणारा सुरुंग, बांधायचा, पायात फिन, कमरेला सुरी. जहाजाचा तळ सुरीने खरवडून माइन चिकटवायचा आणि प्रवाहाबरोबर निघून जायचं. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर ठरलेलं जुनं बंगाली गाणं लागलं की ती खूण. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत एकदम स्फोट झाले.

यातली एक गोष्ट तुझ्या शाळेत सांगता येणार नाही, म्हणून इथे सांगतो. माइनच्या फ्यूजचं बूच पाण्यात विरघळणारं होतं. पोरगं पोहून जहाजापर्यंत पोचेस्तोवर ते कोरडं राहायला हवं. यावर उपाय काय निघाला? निरोध. खोकीच्या खोकी. प्लासीच्या तळावर एवढा माल कशाला लागतो, म्हणून स्टोअरवाल्यांच्या भुवया वर गेल्या होत्या म्हणे.

माझं काम मात्र कलकत्त्यातच, गार्डन रीचला. कलकत्ता बंदराच्या दोन बोटी होत्या, लढाईशी काडीचा संबंध नसलेल्या. त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या दोन-दोन बोफोर्स तोफा चढवल्या आणि नावं दिली 'पद्मा' आणि 'पलाश'. मुक्तिवाहिनीचं, म्हणजे पाकिस्तानशी लढणाऱ्या बंगाल्यांच्या फौजेचं, आरमार ते हेच. बोटींवर कप्तान आणि काही माणसं आपली, बाकी बंगाली नाविक. आम्ही धक्क्यावरचे मेकॅनिक. बोट परत आली की इंजिन उघडायचं, निघायच्या आधी बंद करायचं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. हुगळीत चाचणीला निघालो आणि अर्ध्या तासात इंजिनाच्या पाण्याचा काटा लाल खुणेला टेकला. सगळे पंपाला शिव्या घालायला लागले. मी खाली वाकून समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी गाळणारी जाळी, उघडला. समुद्राच्या म्हणतात, पण पाणी हुगळीचं. जाळीचं डबडं बाहेर काढलं तर आत चिखलाचा गोळा, त्यात पेंढा, झेंडूच्या पाकळ्या आणि काळे काळे केस. माझ्या पोटात गोळा आला. शेजारचा बंगाली इंजिनवाला खो खो हसत सुटला. कालीपूजा नुकतीच झाली होती. विसर्जन झालेल्या मूर्तीचे तागाचे केस होते ते! त्याने डबडं कपाळाला लावलं, मग घाण नदीत झटकली.

समुद्रावर शिकलेल्या माणसाला नदी कळत नाही ती इथे. समुद्रात स्ट्रेनर दिवसाकाठी पाहिला तरी चालतो. नदीत तासातासाला. वरून जलपर्णी येते, खालून गाळ येतो. तो गाळ पंपाचा इंपेलर खातो, शाफ्टभोवती पाणी अडवणारं ग्लँडचं पॅकिंग कानशीसारखा घासून टाकतो. पाणी सहा तास इकडे वाहतं, सहा तास तिकडे, आणि काल होती तिथे आज वाट नसते. उधाणाच्या दिवसांत हुगळीत 'बान' येतो, पाण्याची भिंतच, तेव्हा धक्क्यावरच्या बोटी सोडून मध्ये न्याव्या लागतात. मला यातलं निम्मं ठाऊक होतं, कारण मी तारीचा मुलगा. जोआर आणि भाटा हे दोनच बंगाली शब्द मला आधी आले, आणि त्या बंगाली इंजिनवाल्याला मी भरती-सुकती शिकवलं. तो माझ्याहून वयाने दुप्पट, जन्म नदीतल्या लाँचवर गेलेला. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला 'गोवा'.

डिसेंबरच्या सुरुवातीला युद्ध लागलं आणि बोटी निघायची तयारी झाली. विमानांना आपल्या बोटी ओळखू याव्यात म्हणून वर पिवळी खूण करायची होती. पिवळ्या रंगाचे डबे आले. आम्ही सगळ्यांनीच ब्रश मारले, मीही मारला. ऑइल पेंट रे, रॉकेलने हात धुतले तरी नखांच्या कडेला राहतोच.

'पद्मा', 'पलाश' आणि नौदलाची 'पनवेल' मिळून फोर्स अल्फा. (पनवेल म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे एसटी स्टँड आला असणार. माझ्याही यायचा.) सोबत सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. सगळ्यांवर कमांडर सामंत, आपल्याच भाषेचा माणूस, 'करंज' पाणबुडीचे पहिले कप्तान. पाणबुडीवाल्याला सुंदरबनाच्या खाड्यांतून गनबोटी न्यायला सांगितलं आणि त्याने त्या नेल्या. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान, वळणावळणाला फाटे. १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला हाती आलं. तिथून पशुर नदीने वर खुलन्याकडे.

दुपारी खुलन्याजवळ वर विमानं आली. आपलीच, नॅट. त्यांनी आधी 'पद्मा' पेटवली, मग 'पलाश'. पिवळी खूण असूनही. 'पनवेल' वाचली, तिने पाण्यातली माणसं उचलली आणि तशीच पुढे जाऊन खुलन्यावर मारा केला. 'पलाश'वरच्या इंजिन रूमचे रुहुल अमीन बोट सोडायला तयार नव्हते. पाण्यातून काठाला लागल्यावर पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशाने सात जणांना बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च शौर्य किताब दिला, त्यांतले ते एक. रूपशा नदीच्या काठी त्यांची कबर आहे. आपला लीडिंग सीमन चिमण सिंग जखमी असून पाण्यात दुसऱ्याला वाचवत राहिला, काठावर शत्रूच्या अंगावर गेला, पकडला गेला. सामंतांना आणि त्याला, दोघांनाही महावीर चक्र मिळालं. रुहुल अमीन यांच्याशी माझी ओळख होती असं मी कधी सांगणार नाही. मोठी माणसं गेल्यावर त्यांच्या ओळखी फार उगवतात.

बातमी धक्क्यावर आली तेव्हा मी ग्लँडचं पॅकिंग कापत बसलो होतो. अंगठ्याच्या नखाशी पिवळी कड तशीच होती. तेव्हापासून आमच्या घरात भिंतींना पिवळा रंग लागलेला नाही. बायको चाळीस वर्षं विचारत आली, मी 'उन्हाने उडतो' म्हणत आलो. वैमानिकांना मी दोष देत नाही. एवढ्या वेगात वरून बघणाऱ्याला नदीतली बोट ही नदीतली बोट. पण कागदावर 'चुकीने' हा शब्द वाचला की मला तो फार लहान वाटतो.

जानेवारीत दादा गार्डन रीचला आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डावा हात पांढऱ्या पट्टीत, दाढी वाढलेली. काय विचारावं ते मला सुचेना. तोंडातून निघालं, "स्ट्रेनर?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "परिष्कार छिलो, गोवा." साफ होता. काटा खाली होता, इंजिन थंड होतं. पुढे काही बोलला नाही, मीही नाही. आम्ही चहा प्यायलो. तो चार दिवसांनी आपल्या देशात गेला, त्याचा नवा देश तो, आणि मग भेट नाही.

पुढची नोकरी सांगण्यासारखी नाही. १९८२ मध्ये चीफ होऊन बाहेर पडलो, पेन्शन घेतली आणि आलो कुठे? परत नदीवर. खनिजाच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर. आमोण्याहून माती भरायची, मुरगावला ओतायची. पावसाळ्यात आग्वादची बार, म्हणजे मांडवीच्या तोंडावरची वाळूची पट्टी, बंद झाली की कुंभारजुव्याच्या खाडीतून झुवारीत. खाणीच्या मातीने लाल झालेलं ते पाणी, स्ट्रेनरात तोच चिखल, फक्त झेंडूऐवजी प्लास्टिक. नवीन पोरांना मी तासातासाला स्ट्रेनर उघडायला लावायचो आणि ती पाठीमागे मला 'नेव्ही' म्हणून चिडवायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि बार्ज काठाला गंजत उभ्या राहिल्या. तेव्हा मात्र म्हटलं, पुरे.

तर, येईन मी साखळीला. पण चार तारखेला नको, दहा तारखेला ठेव. त्या दिवशी मंगळवार आहे, शाळा असतेच. भाषण करणार नाही. जुन्या बार्जवरचा एक स्ट्रेनर माझ्या पडवीत आहे, पितळी, तो घेऊन येतो. तुम्ही वाळवंटी नदीचं गढूळ पाणी दोन बादल्या आणून ठेवा, पालापाचोळा पडलेला असला तर उत्तम. मुलांनी हाताने साफ करून बघावा. मग विचारतील ते सांगेन, निरोध सोडून.

हार, शाल, श्रीफळ काही नको. स्ट्रेनर जड आहे, तेव्हा पणजीला स्टँडवर कुणाला तरी मोटारसायकल नव्हे, चारचाकी घेऊन पाठव. वहिनींना सांग, येताना शेवटे मासे आणतो. भांगाचे, कमी भरतीचे दिवस आहेत, मिळाले तर.

तुझा,
बेतीचा तारी