गोमा पुन्हा पडलं, दोन ओळींची बातमी

संपादक महोदय,

२०१२मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोतल्या गोमा शहरी होतो. त्या नोव्हेंबरात एम-२३च्या बंडखोरांनी शहर घेतलं. लाव्हाच्या काळ्या खडकांवरून बायका पाठीशी लेकरू आणि डोक्यावर गादी घेऊन निघाल्या होत्या. कुणीतरी चुकुडूवर, म्हणजे तिथल्या लाकडी ढकलगाडीवर, आजारी म्हातारीला बसवलं होतं. ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा बंडखोर अकरा दिवसांत मागे हटले. जानेवारी २०२५मध्ये त्यांनी गोमा पुन्हा घेतलं.

१९९८पासूनच्या दहा वर्षांत काँगोत ५४ लाख माणसं गेल्याचा एक अंदाज आहे. त्यातली बहुतेक गोळीने नव्हे, तर हिवताप, हगवण आणि उपासमारीने. गोमाजवळच्या मासिसी भागातली जमीन आमच्या कृष्णाकाठासारखी. पण घेवडा पेरणारा शेतकरी काढणीला गावात असेलच असं नाही. तिथल्याच रुबायाच्या खाणीतलं कोल्टन हे खनिज मात्र युद्धातही बाहेर जात राहतं, आपल्या मोबाइलमध्ये लागणाऱ्या टँटलम धातूसाठी.

तिथे आपले जवानही कामी आले आहेत. या प्रदेशाची बातमी दोन ओळींत उरकू नका, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त सुभेदार, कराड