बीजकोषातली गोष्ट एफएसएचपासून सुरू होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवणीतला स्त्रीबीजांवरचा लेख वाचला, विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार. पण एक वाक्य खटकलं, की मेंदूतून एफएसएच हार्मोन येतं आणि ते झोपलेल्या बीजांना जागं करतं. मी प्राणीशास्त्र शिकवते आणि हा समज मुलांच्या डोक्यातून काढताना दरवर्षी नाकी नऊ येतात म्हणून लिहितेय.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख बीजं असतात, प्रत्येकाभोवती चपट्या पेशींचा एकच पातळ थर, याला प्रायमॉर्डियल फॉलिकल म्हणतात. यातली बरीचशी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. त्यातलं एखादं वाढायला लागतं ते एफएसएचमुळे नाही, कारण त्या टप्प्याला एफएसएचची गरजच नसते. १९९७ मध्ये एफएसएच बनवूच न शकणाऱ्या उंदरांच्या माद्या तयार केल्या होत्या, त्यांच्यातही फॉलिकल जागी झाली, बीजाभोवती पेशींचे थर चढले, फक्त पुढे फॉलिकलच्या आत द्रवाची पोकळी तयार व्हायच्या आधी गाडी अडली. म्हणजे सुरुवातीचा सगळा कारभार अंडाशयातल्या अंडाशयातच चालतो आणि तो चालवतात ग्रोथ फॅक्टर, शेजारच्या पेशींनी एकमेकींना पाठवलेली छोटी प्रथिनं.

आणि मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे की बीज यात नुसतं बसून नसतं. बीजाभोवतीच्या थरातल्या पेशी, म्हणजे ग्रॅन्युलोसा पेशी, किट लिगँड नावाचं प्रथिन सोडतात, बीजावर ते पकडणारा रिसेप्टर असतो, त्यातून बीजाला वाढायचा इशारा मिळतो, हे झालं एका बाजूने. उलट दिशेने बीज स्वतः जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिनं सोडतं आणि त्याच पेशींना वाढायला लावतं. १९९६ मध्ये जीडीएफ-९ चा जीन काढलेल्या उंदरांच्या माद्या वांझ निघाल्या, फॉलिकल एका थरापुढे सरकेचनात. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांचं तर त्याहून नवल, बीएमपी-१५ च्या जीनची एक प्रत बिघडलेली असेल तर मेंढीला जास्त कोकरं होतात आणि दोन्ही बिघडल्या तर ती वांझ! एकाच जीनचा असा उलटसुलट परिणाम, मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

बरं, नुसता इशारा देऊन भागत नाही, ब्रेकही लागतो. बीजाच्या आत पीटीईएन नावाचा एक ब्रेक आहे, २००८ मध्ये उंदरांच्या बीजातून तो काढून टाकला तर सगळी फॉलिकल एकदमच जागी झाली आणि ऐन तारुण्यात साठा संपला. दुसरा ब्रेक बाहेरून लागतो, तो म्हणजे एएमएच हे हार्मोन. वाढीला लागलेली छोटी फॉलिकल हे सोडतात आणि झोपलेल्यांना थोपवून धरतात, ते नसलेल्या उंदरांत साठा लवकर आटतो.

हेच ते एएमएच, ज्याच्या रक्ततपासणीला तुमच्या लेखात ‘आई होण्याची शक्यता सांगणारी टेस्ट’ म्हटलंय, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. ही टेस्ट वाढत असलेल्या फॉलिकलकडून साठ्याचा अंदाज देते, आयव्हीएफच्या वेळी औषधाचा डोस ठरवायला तिचा उपयोग होतो, पण बीजाचा दर्जा कसा आहे ते ती सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. आता विचार करा, एखाद्या पंचविशीतल्या मुलीने तुमचा लेख वाचून टेस्ट केली आणि आकडा कमी आला तर ती किती घाबरेल, घरचे लग्नाची घाई करतील, कुणीतरी तिला महागड्या उपचाराकडे ढकलेल.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि ती कोपऱ्यात दोन ओळींची नको, मूळ लेखाच्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवी.

कळावे,
आपली एक नियमित वाचक