लेप्टोची चाचणी आणि तापाचा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातलावणी सुरू झाली की कोकणात लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराच्या, बातम्या येऊ लागतात आणि 'पाण्यात अनवाणी जाऊ नका' ही सूचनाही छापून येते. सूचना योग्यच आहे. पण गमबूट चिखलात कसे रुततात आणि ते घालून दिवसभर तरवा लावणे किती अवघड असते, हे लावणी करणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून जंतू अंगात शिरल्यानंतर काय घडते, याबद्दलही लिहिले जायला हवे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाने सलग चार दिवस चिखलणी केली. पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, टाचांच्या भेगा उलल्या होत्या, आणि लेप्टोच्या जंतूला एवढी वाट पुरते. हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर सहसा आजारी पडत नाही, पण त्याच्या मूत्रावाटे जंतू शेतातल्या पाण्यात उतरतो आणि भिजून नरम पडलेल्या, चिरलेल्या कातडीतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या ओल्या त्वचेतून माणसाच्या रक्तात पोहोचतो. ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस, क्वचित महिनाही लागतो. तोवर लावणी आटोपलेली असते आणि तापाचा संबंध चिखलाशी कोणी जोडत नाही.

भावाला ताप आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही रक्त तपासून घेतले. अहवाल निगेटिव्ह आला आणि घरचे सगळे निर्धास्त झाले. तो पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता, डोळे लालबुंद होते पण चिपडे येत नव्हती. ही लेप्टोची ओळखीची लक्षणे असूनही कागदावर 'निगेटिव्ह' लिहिलेले असल्यामुळे आम्ही तापाच्या गोळीवर दिवस काढले. सातव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी जवळजवळ थांबली आणि गोव्याला नेऊन डायलिसिस करावे लागले. सुदैवाने तो वाचला.

तो अहवाल खोटा नव्हता, हे मला नंतर समजले. नेहमी केली जाणारी ही रक्तचाचणी जंतूला शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात फिरत असतात, पण प्रतिपिंडे चाचणीत दिसण्याइतकी व्हायला तापाचे पाच ते सात दिवस जावे लागतात. तोपर्यंत काही रुग्णांत मूत्रपिंड आणि यकृत यांना इजा झालेली असते, कुणाच्या फुप्फुसात रक्तस्रावही होतो. म्हणजे डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या, स्वस्त औषधाचा सर्वांत जास्त उपयोग ज्या दिवसांत होतो, नेमक्या त्याच दिवसांत ही चाचणी गप्प राहू शकते. लक्षणे आणि पाणी-चिखलाशी आलेला संबंध यांवरून संशय आला, तर डॉक्टरांनी अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करावेत, असे वैद्यकशास्त्रच सांगते.

यासाठी माझ्या दोन मागण्या आहेत. प्रयोगशाळांनी अहवालावर तापाचा कितवा दिवस आहे ते लिहावे आणि पहिल्या आठवड्यातील निगेटिव्ह अहवालाखाली 'काही दिवसांनी पुन्हा तपासणी करावी' ही ओळ ठळक मराठीत छापावी. आणि आरोग्य केंद्रात केसपेपर काढतानाच 'गेल्या महिन्यात चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरला होतात का?' हे विचारले जावे. आम्हाला ते कोणी विचारले नव्हते. येत्या लावणीपूर्वी आपल्या दैनिकाने हा विषय जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेपुढे मांडावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग