वाइल्डर कसे राहिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला अमेरिकी नाटककारांवरचा लेख आवडला. ओनील, टेनेसी विल्यम्स, आर्थर मिलर सगळे आहेत. थॉर्नटन वाइल्डर (१८९७-१९७५) मात्र नावालाही नाहीत. कादंबरी आणि नाटक या दोन्हींसाठी पुलित्झर मिळवणारा हा एकमेव लेखक. (वडील वृत्तपत्राचे संपादक होते, त्यामुळे आपल्याकडून तरी अन्याय नको होता!)

वाइल्डर म्हणजे गोडगोड, शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभणारे, असा समज आहे. १९३८ चे ‘अवर टाउन’ अमेरिकेतल्या शाळा आजही करतात. करणारच, नेपथ्याचा खर्चच नाही. टेबल-खुर्च्या आणि दोन शिड्या, झाले गाव उभे. चिनी रंगभूमीवर नट काठीवर टांग टाकतो आणि तो घोड्यावर बसला हे प्रेक्षकाला कळते, असे वाइल्डर यांनीच लिहिले आहे. आपल्यालाही हे नवे नाही.

पण गोड? पहिल्याच अंकात सकाळी पेपर टाकणारा एक पोरगा येतो. सूत्रधारासारखा वावरणारा स्टेज मॅनेजर त्याच्याबद्दल सांगतो: हुशार होता, इंजिनिअर व्हायचा, महायुद्धात फ्रान्समध्ये मेला. एवढे बोलून गडी पुढच्या गोष्टीकडे वळतो. तिसऱ्या अंकात बाळंतपणात गेलेली नायिका एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाचा दिवस पुन्हा जगायला येते. आई चुलीपाशी गडबडीत आहे, नीट चावून खा म्हणते आहे. मुलगी विनवते, एकदा माझ्याकडे नीट बघ. आईला ऐकूच जात नाही. शेवटी एमिली स्वतःहून स्मशानात परतते, आणि तिथले मृत तिची समजूतही धड काढत नाहीत. एवढे कोरडे मिलरसुद्धा लिहीत नाहीत, असे माझे मत.

‘द ब्रिज ऑफ सॅन लुई रे’ (१९२७) ही कादंबरीही तशीच निष्ठुर. १७१४ मध्ये पेरूत पूल कोसळून पाच जण मरतात. यात ईश्वरी योजना होती हे सिद्ध करायला एक पाद्री वर्षानुवर्षे त्यांची माहिती गोळा करतो, आणि धर्मसत्ता त्याला त्याच्या ग्रंथासकट जाळते.

‘हॅलो, डॉली!’ हे संगीत नाटक त्यांच्याच ‘द मॅचमेकर’ या नाटकावरून आले, पण त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. लेखमाला पुढे चालणार असेल तर लेखकांनी ‘द स्किन ऑफ अवर टीथ’वर जरूर लिहावे. हिमयुग, महापूर आणि महायुद्ध यांतून तगणारे एकच कुटुंब त्यांनी १९४२ मध्ये, ऐन युद्धात, रंगमंचावर आणले होते.

कळावे,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली