ठाणे बेटावर आहे, हे कुणी सांगेल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पेपरात तलावांचं शहर ठाणे असा लेख आला होता, छान होता, मासुंदा, उपवन, कचराळी सगळं आलं त्यात, पण खाडीबद्दल एक ओळ नाही. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, राहून जात होतं.

आमच्या कोपरीच्या सोसायटीत गणपतीत क्विझ ठेवली होती, मीच प्रश्न काढलेले. एक प्रश्न होता, ठाणे शहर कोणत्या बेटावर आहे? मुलं तर सोडाच, मोठी माणसं पण हसायला लागली. काकू, बेट काय, अंदमान आहे का हे? शेवटी उत्तर मलाच सांगावं लागलं, साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी. एकाने तर मोबाईलवर नकाशा उघडून खात्री केली आणि मग गप्प बसला.

खरं तर खात्री करायला नकाशा कशाला लागतो. मुंबईची दिशा सोडून ठाण्यातून कुठेही निघा, पूल लागणारच. कळव्याला पूल, भिवंडीला जायचं तर कशेळीचा पूल, ऐरोलीला पूल, घोडबंदर रोडने सरळ गेलात तर वरसाव्याचा पूल. आपण रोज बेटावरून उतरतो नि परत चढतो, फक्त खिडकीत मोबाईल बघत असतो म्हणून कळत नाही.

मी मूळची साताऱ्याकडची, १९८९ ला लग्न होऊन इथे आले, मला तरी कुठे माहीत होतं. मला ठाणे शिकवलं ते मासळीवाल्या मावशींनी. चेंदणी कोळीवाड्यातल्या, सकाळी पाटी घेऊन यायच्या. एखाद्या दिवशी पाटीत चार बोयटं आणि मूठभर कोळंबी एवढंच असायचं, मी विचारलं की म्हणायच्या, "आज भांग हाय गो बाय, मावरा कुठून येनार." मला वाटायचं कुणीतरी भांग प्यायलंय की काय! मग त्यांनीच समजावलं की अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीला जोर नसतो, पाण्याला ओढ नसते म्हणून डोल जाळ्यात काही येत नाही, त्याला भांग म्हणतात, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाटी भरलेली. म्हणजे आम्ही कॅलेंडर एकादशी-चतुर्थीसाठी बघणार आणि त्या भाव ठरवायला. तेव्हापासून आमच्या घरात कालनिर्णय दोन कामांना लागतं.

त्याच मावशींनी सांगितलं की स्टेशन आलं आणि कोळीवाड्याचे दोन तुकडे झाले, रूळ मधून गेले, अर्धा पूर्वेला अर्धा पश्चिमेला. दरवर्षी १६ एप्रिलला आपण १८५३ ची पहिली गाडी आठवतो, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, सगळं पाठ असतं. पण गाडी ठाण्यालाच का थांबली हे कुणी विचारत नाही. पुढे खाडी होती! पाण्यावर पूल झाला तेव्हा कुठे १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. म्हणजे ज्या गोष्टीचा आपण एवढा अभिमान मिरवतो तिच्यातसुद्धा हे बेट बसलेलं आहे.

आणि हे बंदर काही कालचं नाही. शिलाहारांची राजधानी होती ही, श्रीस्थानक. बोरिवलीला एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड आहेत, तेही याच साष्टी बेटावर, त्यांच्यावर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे, नसेल बघितली तर एका रविवारी जाऊन या, मॉलला जातोच की. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याबद्दल लिहिलंय, ते तर मजेशीर आहे. इथल्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता म्हणे, लूट तुमची, पण जहाजावरचे घोडे सगळे माझे. कारण घोडे बाहेरूनच यायचे आणि राजाला ते पुरायचे नाहीत. आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात की हे आठवा, अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर असं जुने लोक सांगतात.

त्यानंतर १३२१ च्या आसपास ओडोरिक नावाचा इटालियन साधू आला, होर्मुझहून जहाजात बसला तो अठ्ठावीस दिवसांनी थेट ठाण्याला उतरला. मुंबई तेव्हा कुठे होती? तो लिहितो की इथे कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, ते धरायला कुत्रेच लागतात. लोक म्हणतात प्रवासी थापा मारतात. मी म्हणते आमच्या सोसायटीच्या मागच्या गटारापाशी रात्री दहानंतर या, घुशी दाखवते, सातशे वर्षांत काही बदललेलं नाही.

किल्ल्याचं पण तसंच. सेंट्रल जेल म्हणून आपण त्याच्या भिंतीला वळसा घालून जातो, पण तो खाडीवर नजर ठेवायला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, आणि पुरता बांधून व्हायच्या आत १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला सुद्धा. मग डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची त्यांच्याकडे. एवढ्या मारामाऱ्या तलावांसाठी झाल्या नाहीत हो, खाडी ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात सगळी ये-जा, म्हणून झाल्या. (क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९१० ला इथेच फाशी दिली, त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

आता मूळ मुद्दा. आमच्या ठाणे पूर्वेला मीठबंदर रोड आहे. रोज हजारो लोक रिक्षात बसून मीठबंदर मीठबंदर करतात. परवा एका रिक्षावाल्या दादाला विचारलं, हे नाव कशावरून, तो म्हणाला तिथे मिठाचं दुकान असेल. त्याचा दोष नाही, नुसतं नाव लिहिलेलं असतं, कारण कुठेच नाही. दोन्ही काठांना मिठागरं होती, आगरी कोळी माणसांनी उन्हात पाय भाजून पिकवलेलं मीठ होडीत भरून जायचं, त्याचं हे बंदर. मुंब्र्याकडे रेतीबंदर, घोडबंदर रोडला नागला बंदर, नावं सगळी जिवंत आहेत, बंदरं मात्र गेली. एक दगडी फलक लावायला काय लागतं? दोन ओळी मराठीत, हे नाव का पडलं एवढंच. सेल्फी पॉइंटला पैसे असतात, आय लव्ह अमुक तमुकची लाइटवाली अक्षरं तर प्रत्येक चौकात.

आणि फलकाच्या आधी खाडीपर्यंत जायला धड वाट हवी. रस्ता संपतो तिथे राडारोडा, निर्माल्याच्या पिशव्या, जुन्या गाद्या. पलीकडे ऐरोलीला जैवविविधता केंद्र केलंय, तिथून बोटीने फ्लेमिंगो बघता येतात, छानच आहे, खाडीचा भाग २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत पण आला. मग पक्षी बघायला लोक तिकडे रांग लावतात आणि इकडे त्याच पाण्याकडे आपण पाठ करून बसतो, असं का? कारखान्यांचं केमिकल आणि आपलंच सांडपाणी त्यात जातं, मावशींचा मुलगा आता जाळं घेऊन उतरत नाही, नोकरी करतो. निवट्या आणि चिंबोऱ्या अजून मिळतात म्हणतो, पण पूर्वीसारखा जिताडा नाही.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजतगाजत सोन्याचा नारळ निघतो, तेवढा एक दिवस सगळं ठाणे खाडीकडे तोंड करतं. यंदा तुमचा वार्ताहर पाठवाच, पण फोटो काढून लगेच परत जाऊ नका म्हणावं, म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसा, कुठल्या बंदराला काय उतरायचं, कुठली होडी कुठे लागायची ते लिहून घ्या, कारण आमच्या मावशी गेल्या वर्षी गेल्या आणि मी त्यांचं काहीच लिहून ठेवलं नाही.

कळावे,
एक वाचक, ठाणे पूर्व

ता.क. क्विझचा तोच प्रश्न पुढच्या गणपतीत परत ठेवणार आहे, पेपर फोडू नका.