चष्मा गेला, डोळा तोच आहे

फोंडा, गोवा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

चवथीहून परत जाताना तू रागावून बसमध्ये चढलीस, आणि त्यानंतर फोनवर आईशीच बोलतेस, म्हणून हे लिहीत आहे. उणे अकराचा नंबर लेसरने उतरण्यासारखा नव्हता. डोळ्यात भिंग बसवून घेण्याचे धैर्य तू दाखवलेस आणि जाड काचा सुटल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ‘आता दरवर्षी डोळे कशाला तपासायचे?’ हे तुझे म्हणणे मला पटलेले नाही.

भिंगाने नंबर जातो, डोळ्याची लांबी जात नाही. सामान्य डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर भरतो. तुझ्या कागदावर डाव्या डोळ्यासमोर २८ च्या वरचा आकडा आहे. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटावी, तसा लांबलेल्या डोळ्याचा मागचा पडदा आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर ताणून पातळ होतो. काहींच्या डोळ्याची मागची भिंतच एका जागी फुगून बाहेर येते. तिला डॉक्टर स्टॅफिलोमा म्हणतात. पातळ थराला बारीक चिरा पडतात, तेथून नव्या कमकुवत रक्तवाहिन्या उगवतात, आणि त्या गळू लागल्या की नेमकी मधली नजर, म्हणजे वाचण्याची आणि माणूस ओळखण्याची नजर, बिघडते. हे सारे वाढ पुरी झाल्यावर, चाळिशीच्या आसपास आणि नंतरही, हळूहळू पुढे सरकू शकते. आक्काचे काय झाले ते तुला ठाऊकच आहे.

मी पुन्हा शिकवू लागलो, क्षमा कर. तू पुलांचे आराखडे काढतेस, ताण आणि भार तुला माझ्याहून अधिक कळतात. पहिला चष्मा लागला त्या वर्षी देवासमोर उभी राहून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेल्या एकेका फळाचे नाव तू मोठ्याने सांगत होतीस, आणि तोवर तुला वर केवळ हिरवे काहीतरी दिसत होते हे आम्हाला तेव्हा कळले. आई देवघरातून उठून आत गेली. ती का गेली हे तू तिला अजून विचारलेले नाहीस.

तरीही तपासणीचे सांगतोच. थेंब घालून बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा पाहून घे, कारण कडेला पडलेले भोक वेळीच सापडले तर लेसरने बंद करता येते. पडदा सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. पडद्याची ओसीटी, म्हणजे त्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र, काढून घे, काचबिंदूसाठी डोळ्यातला दाबही पाहून घे. एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहत जा. ती वाकडी दिसली, अचानक काळे ठिपके वाढले, प्रकाश चमकला किंवा कडेने सावली सरकू लागली, तर साइटवरचे काम सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गळणाऱ्या रक्तवाहिन्यांवर डोळ्यात देण्याचे इंजेक्शन आहे, ते लवकर मिळाले तर नजर वाचू शकते.

राग असेल तर असू दे. दिवाळीला येशील तेव्हा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन येऊ. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून स्कूटर घेऊ नकोस, गाडी मी चालवीन.

तुझे,
बाबा