वाड्याला सिमेंट लावायच्या आधी हे वाच

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारून एकदाचं मोकळं व्हायचं म्हणतोयस. जरा थांब रे. मी आत्ताच तमिळनाडूत तरंगमबाडीला जाऊन आलोय आणि तिथं जे बघितलं ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलो.

तरंगमबाडी म्हणजे डॅनिश लोकांचं जुनं ठाणं. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून जागा घेऊन त्यांनी समुद्राला लागून किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकून गेले. पण मला ओढ होती ती न्यू जेरुसलेम चर्चची. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग नावाचा जर्मन ल्युथरन पाद्री १७०६ च्या जुलैमध्ये डेन्मार्कच्या राजाच्या वतीने इथं उतरला, वयाची २४ वर्षंपण पूर्ण नव्हती, तमिळ शिकला, छापखाना आणवला, १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापूनही झाला. चर्च १७१८ चं. पुढच्याच वर्षी तो गेला आणि त्याला त्याच चर्चमध्ये, वेदीच्या जवळ पुरलं. दर्शनी भिंतीवर मुकुट आहे, राजा चौथ्या फ्रेडरिकची गुंफलेली अक्षरं आहेत आणि खाली १७१८ हा आकडा, मी किती वेळ तिथं मान वर करून उभा होतो. आणि मुख्य म्हणजे हे चर्च बंद पडलेलं नाहीये, अजून तमिळमध्ये उपासना चालते. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या इमारतीला माणसांचा वावर जेवढा वाचवतो तेवढं कुलूप लावून वाचवता येत नाही, गळती कुठं लागली हे रोज येणाऱ्यालाच आधी दिसतं.

आता तुझ्या कामाचं. तिथल्या एका गल्लीत जुन्या घराच्या भिंतीला कुणीतरी सिमेंट थापलेलं होतं. वरून चकाचक, पण खालचा हातभर भाग फुगलेला, बोट लावलं तर पोपडाच हातात आला आणि आतली वीट भुगा झालेली, वर पांढरा लोणा, म्हणजे फुटून आलेला क्षार. जुनी भिंत विटा आणि चुन्याची असते, ती ओल घेते आणि सोडते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, मग पाणी आतच अडकतं, त्यातला क्षार विटेत साठून त्याचे खडे होतात आणि ते विटेला आतून फोडतात. समुद्राकाठी तर क्षार हवेतच असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर इनटॅक या जुना वारसा जपणाऱ्या संस्थेने तिथली काही जुनी घरं दुरुस्त केली. त्या भागातलं जुनं बांधकाम चुन्याचंच, चुना मुरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. वेळ लागतो, मान्य आहे, पण चुना सावकाश घट्ट होत जातो आणि नंतर त्याची डागडुजी पण सोपी.

येताना तंजावरला थांबलो आणि तिथं मात्र मला खरंच भरून आलं. श्वार्ट्झ म्हणून ल्युथरन पाद्री होता, तोही १७५० मध्ये तरंगमबाडीलाच आला होता, पुढं तंजावरला स्थिरावला. तंजावरच्या आपल्या तुळजाजी राजे भोसल्यांनी दत्तक मुलगा सरफोजी या श्वार्ट्झकडेच सोपवला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला, तेव्हा त्याच सरफोजीराजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये ते आहे, म्हातारा पाद्री अंथरुणावर आणि शेजारी राजा त्याचा हात धरून! धर्म काही बदलला नाही सरफोजीराजांनी, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनीच १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, भिंतच्या भिंत भरलीय. मी दोन्ही एकाच दुपारी बघितलं. एका मराठी राजाचं अख्खं मन या दोन भिंतींत मिळून दिसतं, त्यातलं एक जरी ढासळलं तरी तो माणूस आपल्याला अर्धाच कळेल. म्हणून चर्च ख्रिश्चनांनी सांभाळावं, देऊळ हिंदूंनी सांभाळावं, असली वाटणी मला पटतच नाही.

तुमच्या वाड्याला राजाचा मुकुट नाही, पण तुझ्या पणजोबांनी चुन्यात बांधलेला आहे ना, भिंतीचा स्वभाव तोच. तेव्हा एवढं कर. दक्षिणेकडच्या भिंतीचा एक फूटभर पोपडा काढून आतली वीट ओली आहे का बघ आणि फोटो पाठव. पन्हाळी तुंबलीय का, पाणी जोत्यापाशी साचतंय का तेही बघ, निम्मा घोळ तिथंच असतो. ठेकेदाराला सिमेंटची पोती टाकू देऊ नकोस अजून. चुन्याचं काम करणारा गवंडी तुमच्याकडं मिळत नसेल तर मी इकडं विचारतो, खर्च थोडा जास्त येईल, त्यातला माझा वाटा मी देईन, आढेवेढे घेऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या